बंधाऱ्यात एक फळी माशांसाठी

प्रति,
मा. सचिव, जलसंपदा विभाग,
मा. सचिव, मृद व जलसंधारण विभाग,
मा. आयुक्त, मत्स्यव्यवसाय,
आणि दर वर्षी जिल्हा नियोजनाच्या बैठकीत बंधाऱ्यांच्या यादीला मंजुरी देणारे सर्व मान्यवर,
महाराष्ट्र राज्य

विषय : चढणीच्या माशांना बंधाऱ्यांतून वर जायला आणि परत यायला वाट ठेवण्याबाबत

महोदय / महोदया,

या पत्राला आवक क्रमांक मिळणार नाही, त्यावर टिपणी चढणार नाही आणि ते कुठल्या टेबलावर अडकणारही नाही. म्हणूनच खुलं लिहितोय.

मी संगमेश्वर तालुक्यातला. सिव्हिलचा डिप्लोमा झाल्यापासून छोटी कामं घेतो. साकव, मोऱ्या, संरक्षक भिंती, शाळेची कंपाउंड वॉल आणि बंधारे. बंधारे बरेच बांधले. पुढे ज्याची तक्रार करणार आहे ते माझ्याच हातानं झालेलं आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे वाचताना ‘हा कोण आम्हाला शिकवणार’ असं वाटायला नको. वाटलं तरी हरकत नाही, पण शेवटपर्यंत वाचा.

चार पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. मृग लागून आठवडा झाला होता. दुपारपासून पाऊस धरला आणि दिवेलागणीलाच लाइट गेली. नऊच्या सुमारास शेजारचा पोरगा निथळत दारात उभा. “काका, तुमच्या बंधाऱ्याखाली मासं उडतायत, चला लवकर!”

तुमच्या बंधाऱ्याखाली, म्हणाला. घराखालच्या पऱ्यावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, तो बंधारा गावात माझ्या नावानं ओळखला जातो. सिमेंट काँक्रीटचा, अकरा मीटर लांब, माथा तळापासून दीड मीटर. उद्घाटनाचा नारळही मीच आणला होता. मी टॉर्च घेऊन निघालो, आणि खरं सांगतो, जरा ऐटीतच निघालो.

खाली अर्धं गाव जमलेलं. कुणाकडे पागेर म्हणजे फेकायचं जाळं, कुणाकडे टोपली, कुणी मच्छरदाणीचा तुकडाच आणलेला. बंधाऱ्यावरून गढूळ पाण्याचा पडदा कोसळत होता आणि त्या पडद्यातून हाताएवढे चंदेरी मासे उसळत होते. एक उसळायचा, भिंतीवर मध्यावर आपटायचा आणि खालच्या एप्रनवर, म्हणजे बंधाऱ्याच्या पायाशी केलेल्या काँक्रीटच्या फरशीवर, पडायचा. पाण्याबरोबर जरा मागं जायचा आणि पुन्हा यायचा. मी एकावर टॉर्च धरून मोजत बसलो. अकरा वेळा आला. बाराव्या वेळी एका पोरानं त्याला हवेतच टोपलीत घेतला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तो मासा हातात घेतला तर तोंड फुटलेलं, एका बाजूची खवलं गेलेली आणि पोट गाभोळीनं तट्ट फुगलेलं. जरा दाबलं तर अंडी बोटांवर आली.

घरी नेला, खाल्ला. खोटं कशाला सांगू?

पण परत निघताना डाव्या विंगवॉलच्या, म्हणजे काठालगतच्या बाजूच्या भिंतीच्या, कोपऱ्यात टॉर्च गेली. काँक्रीट ओतताना त्या जागी व्हायब्रेटर नीट फिरला नव्हता, म्हणून तिथं भिंत मधाच्या पोळ्यासारखी भोकाभोकांची राहिली होती. आमच्या भाषेत हनीकोंबिंग, म्हणजे ठेकेदाराची अब्रू. त्यातून पाणी पाझरतं आणि बारा महिने शेवाळ धरतं. त्या शेवाळावर काहीतरी हलत होतं. जवळ जाऊन पाहिलं तर काडीएवढे, बोटभर लांबीचे अहिर, सापासारखे लांबट मासे. शंभर असतील, जास्तही असतील. पोट भिंतीला चिकटवून, अंग वळवत, भोकातून भोकात थांबत थांबत वर सरकत होते. वरचे माथ्यावरून पलीकडे उतरतही होते. एवढ्या सगळ्या कामात जिथं माझी चूक झाली होती, तेवढ्याच हातभर जागेतून मासे पार होत होते.

आपल्यातले जे घाटावरचे किंवा शहरातले आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्याकडे याला चढण म्हणतात. रायगड, ठाणे, पालघरकडे वलगण. पहिल्या जोराच्या पावसानं नदीला गढूळ लोंढा आला की मासे प्रवाहाच्या उलट निघतात. नदीतून पऱ्यात, पऱ्यातून पाटात आणि पाटातून थेट भाताच्या मळ्यात. तिथं गुडघाभर कोमट पाणी, गवत आणि किडेमकोडे असतात आणि मोठे खादाड मासे कमी. अंडी घालायला याहून चांगली जागा नाही. पाऊस ओसरायला लागला की पिल्लं पाण्याबरोबर खाली येतात. हा खेळ दोन-तीन आठवड्यांचा असतो, त्यातही खरा जोर पहिल्या चार-पाच रात्रींचा. त्या रात्री वाट बंद असली तर वर्ष गेलं.

काहींची वाट याहून लांब असते. अहिराचा जन्मच समुद्रात. पारदर्शक पिल्लू होऊन तो खाडीत शिरतो, नदीनं वर येतो, सह्याद्रीच्या पायथ्याच्या डोहात वर्षानुवर्षं राहून हाताएवढा जाड होतो आणि आयुष्यात एकदाच अंडी घालायला पुन्हा समुद्रात जातो. तिथंच मरतो. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीचं जरा उलट आहे. तिची मादी अंडी घेऊन खाऱ्या पाण्यापर्यंत उतरते आणि पिल्लं तिथून पुन्हा नदी चढतात. रायगडच्या जिताड्याची पैदास खाडीच्या तोंडाशी आणि वाढ आत गोड्या पाण्याकडे. म्हणजे एका माशाला दोन घरं लागतात आणि दोहोंच्या मधे आम्ही भिंत घालतो.

आता बंधाऱ्यांकडे येतो, कारण माझं म्हणणं तेवढंच आहे. कोयनेसारख्या शंभर मीटरहून उंच धरणावर माशांची शिडी, म्हणजे मासे चढतील अशी पाण्याच्या पायऱ्यांची वाट, बांधा असं मी म्हणत नाही. देशात सर्वांत जास्त मोठी धरणं आपल्या राज्यात आहेत, त्यांचा विचार माझ्याहून मोठ्या माणसांनी करावा. मी बोलतोय ते दोन-अडीच मीटरच्या आतल्या बांधांबद्दल. त्यांचं उद्घाटन सरपंच करतो, फोटो तालुक्याच्या पानावर येतो आणि दहा वर्षांनी त्यांच्यात गुडघाभर पाणी आणि पुरुषभर गाळ असतो.

आमच्या पऱ्यावर सहा किलोमीटरात असे पाच आहेत. समजा प्रत्येकाला निम्मे मासे कसेबसे पार झाले. शंभर निघाले तर पहिल्यानंतर पन्नास, मग पंचवीस, मग बारा, मग सहा आणि वरच्या मळ्यात तीन. बंधारा एक मंजूर होतो, दुसरा दुसऱ्या योजनेतून होतो, तिसरा तिसऱ्या खात्याकडून. प्रत्येक फाइलमध्ये एकच बंधारा असतो. माशाला मात्र पाचही ओलांडावे लागतात, आणि पाचांचा हिशोब एकत्र मांडणारी फाइल मी अजून पाहिलेली नाही.

पूर्वी आमच्याकडे बंधारे नव्हते असं नाही. दिवाळीनंतर पऱ्याचं पाणी कमी झालं की वाडीतले लोक एकत्र जमून दगड, माती, पालापाचोळा घालून कच्चा बांध घालायचे. पुढे सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून वनराई बंधारे आले. त्यावर वायंगणी भात व्हायचा, भाजी व्हायची, गुरांना पाणी मिळायचं. आणि जूनच्या पहिल्या लोंढ्यात तो बांध वाहून जायचा. आम्ही हळहळायचो, की दर वर्षी काय ही मेहनत. वाहून जायचा म्हणूनच चढणीला वाट मोकळी व्हायची, हे ध्यानात यायला मला माझा पक्का बंधारा बांधावा लागला.

घाटावर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचं नाव पुराच्या बातम्यांमुळे सगळ्यांना माहीत. त्यात खांबांच्या मधल्या गाळ्यांत लोखंडी बरगे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या आडव्या फळ्या, असतात. पावसाळ्याआधी ते काढायचे, पावसाळा संपला की घालायचे. हेतू पूर निघून जावा आणि गाळ वाहून जावा एवढाच. माशांचा विचार त्यात कुणी केला असेल असं वाटत नाही, तरीही नकळत तो माशांचाच बंधारा झाला. नेमक्या चढणीच्या दिवसांत नदी तळापासून उघडी असते. अर्थात, बरगे खरोखर काढले तर. खालचे दोन बरगे गाळात रुतून तसेच राहिलेले मी पाहिलेत. वरचे निघाले की रजिस्टरमध्ये ‘बरगे काढले’ अशी नोंद होते. पण मासा तळालगत येतो, आणि त्याच्यासमोर नेमके ते दोन असतात.

माझी मागणी यातूनच निघाली आहे, आणि ती साधी आहे. ओढ्यावरच्या प्रत्येक नव्या सिमेंट बंधाऱ्यात एका कडेला मीटरभर रुंदीचा एक गाळा तळापर्यंत सोडा. त्याला दोन्ही बाजूंनी खाचा ठेवा आणि त्यात फळ्या बसवा, लाकडी किंवा लोखंडी. मेच्या अखेरीस फळ्या काढायच्या, ऑक्टोबरात घालायच्या. प्रत्येक पक्क्या बंधाऱ्यात एक छोटासा कोल्हापूर बंधारा, असं म्हणा हवं तर. बाकी भिंत जशी बांधता तशीच बांधा.

यावर लगेच विचारतील की अडवलेलं पाणी सोडून देणार का? अहो, जुलैत आमच्याकडे पाणी अडवतो कोण? बंधारा भरून माथ्यावरून वाहत असतो. त्या दिवसांत तो अडवतो ते गाळ आणि मासे. पाणी खरं अडतं ते ऑक्टोबरपासून, तेव्हा फळी घातलेलीच असेल. उलट तळातून गाळा उघडा राहिला तर त्याच्या आसपासचा गाळ दर पावसाळ्यात आपोआप निघेल. आज तोच गाळ काढायला पाच-सात वर्षांनी वेगळं एस्टिमेट करावं लागतं. हे वाक्य ठेकेदारानं लिहायला नको होतं, गाळ काढायची कामं मलाच मिळतात.

दुसरा प्रश्न जास्त खरा आहे. फळी काढणार कोण? सरकारी उत्तर तयार असतं : समिती. माझं उत्तर असं की वनराई बंधारा घालायला जी वाडी जमते ती फळी काढायलाही जमेल. फक्त फळी दोन माणसांना उचलेल एवढ्याच वजनाची करा आणि ती ठेवायला ग्रामपंचायतीत जागा द्या. लोखंडी प्लेट भंगारात जाते, हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडे ऐन किंवा जांभळाची फळी पाण्यात वर्षानुवर्षं टिकते आणि तिला भंगारवाला विचारत नाही.

जुन्या बंधाऱ्यांत तळापर्यंत गाळा पाडता येत नाही, भिंत कमजोर होते. तिथं दुसरा उपाय आहे. गेल्या एप्रिलमध्ये तो मी माझ्याच बंधाऱ्यावर करून पाहिला. परवानगी घेतली नाही, कारवाई करायची असेल तर हे पत्र पुरावा म्हणून वापरा. माथ्याला एका कडेला हातभर रुंद आणि वीतभर खोल खाच पाडली, म्हणजे पाण्याची मुख्य धार तिथून पडेल. मासा धारेच्या आवाजाकडे आणि ओढीकडे येतो. वाट एकीकडे आणि धार दुसरीकडे असली तर तो धारेशीच डोकं आपटत बसतो. मग खाचेच्या खाली पऱ्यातलेच गोटे रचून लांबट उतार केला. जागा कमी होती, म्हणून उतार एकास आठच्या आसपास, म्हणजे आठ फूट लांबीत एक फूट चढ, ठेवला.

पहिल्याच लोंढ्यात वरचे एक तृतीयांश गोटे गेले, कारण मी ते नुसते रचले होते. राहिलेल्या उतारावरून तळाला धरून चालणारे बारके मासे, आमच्या मुऱ्या, गेल्या, अहिर गेले, मरळ गेला. मरळाचं काय, तो ओल्या गवतातूनही सरपटत जातो. ते चंदेरी, हाताएवढे मात्र निम्म्यावर येऊन परत फिरत होते. पाणी फार जोरात आणि उथळ होतं, मधे दम घ्यायला जागाच नव्हती. नंतर वाचलं की अशक्त पोहणाऱ्या माशांसाठी असा दगडी उतार एकास वीस, एकास तीस इतका सावकाश ठेवतात आणि मोठे दगड अर्धे गाडून त्यांच्यामागे छोटे डोह करतात. यंदा तसं केलंय. चार ट्रॉली दगड आणि चार माणसांचं सहा दिवसांचं काम. बंधाऱ्याच्या मूळ बिलाशी तुलना केली तर ही रक्कम उद्घाटनाच्या मांडवाच्या खर्चात बसेल.

एक गोष्ट उतारातही राहून जाते. जाताना मासा वर जातो, येताना त्याची पिल्लं आणि मोठे अहिर खाली येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात माथ्यावरून पाण्याचा पातळ पापुद्रा वाहतो आणि खाली एप्रनवर दोन बोटं पाणी असतं. त्यावर दीड मीटरवरून पडणं म्हणजे फरशीवर पडणं. एप्रनच्या पुढे कमरेएवढा खड्डा ठेवला तरी पुरे. पण आम्ही तो भरून, लेव्हल करून, प्लॅस्टर करून देतो, कारण तपासणीला येणाऱ्या साहेबांना सपाट काम आवडतं.

मोऱ्यांबद्दल थोडक्यात. रस्त्याखालच्या पाइप मोरीचं तोंड पहिल्या वर्षी पाण्याच्या पातळीत असतं. पाण्याच्या धारेनं खालची माती खणली जाते आणि पाचव्या वर्षी पाइप दोन फूट अधांतरी लोंबतो. तोही बंधाराच झाला, फक्त त्याचं उद्घाटन होत नाही.

हे सगळं मीच शोधून काढलं असा आव आणत नाही. फ्रान्सिस डे नावाच्या इंग्रज सरकारच्या मत्स्य अधिकाऱ्यानं १८७३ साली देशभरच्या गोड्या पाण्यातल्या माशांवर अहवाल दिला, त्यातही बंधाऱ्यांनी माशांची वाट अडते ही तक्रार आहे. म्हणजे दीडशे वर्षांची तक्रार आहे. आणि ती न ऐकल्यावर काय होतं ते गंगेवर दिसलं. हिलसा, आपण जिला पाला म्हणतो, ती बंगालच्या उपसागरातून चढून अलाहाबादपर्यंत, काही तर आग्रा-दिल्लीपर्यंत जायची. १९७५ साली पश्चिम बंगालमध्ये फरक्क्याचा बंधारा सुरू झाला आणि वरच्या गंगेतली हिलसा जवळजवळ संपली. फरक्क्यात माशांसाठी काहीच सोय नव्हती असं नाही. माशांसाठी म्हणून वेगळे कप्पे ठेवले होते. ते चालले नाहीत. पुढे २०१९ मध्ये बोटींसाठीच्या नव्या लॉकमधून, म्हणजे दरवाजांच्या कप्प्यातून, हिलसालाही जाऊ द्यायची योजना केंद्रानं जाहीर केली.

यातून मी माझ्यापुरता एक धडा घेतला. अमेरिकेत कोलंबिया नदीवरच्या बॉनव्हिल धरणाला १९३८ पासून माशांच्या शिड्या आहेत आणि त्या चालतात, कारण तिथला सामन उड्या मारतो, जोरात पोहतो आणि शिडी त्याच्यासाठी आखलेली आहे. हिलसा उड्या मारत नाही. आमच्या मुऱ्या तर पोटावर चालतात. परदेशी नकाशावरून शिडी उचलली, कंत्राट दिलं, फीत कापली, असं झालं तर मी आत्ताच सांगतो, ती शिडी कोरडी पडेल किंवा तिच्या तोंडाशी लोक पागेर टाकून बसतील. आधी आपल्या पऱ्यात कोण चढतं, किती मोठं, किती पाण्यात, हे चार रात्री उभं राहून बघावं लागतं.

आमच्यासारखाच भात आणि आमच्यासारखाच पावसाळा लाओसमध्ये आहे. तिथं पाक पेउंग नावाच्या पाणथळ जागेच्या दरवाजापाशी स्थानिक लोक आणि ऑस्ट्रेलियातले संशोधक यांनी आधी निरनिराळ्या तऱ्हा करून पाहिल्या आणि मग काँक्रीटचे शंकू ओळीनं बसवलेली पायऱ्यांची वाट बांधली. मेकाँगमधले डझनावारी जातींचे मासे तिथून मळ्यांकडे जातात. न्यूझीलंडमध्ये तर शिंपले वाढवायचे केसाळ दोर मोऱ्यांतून आणि छोट्या धबधब्यांवरून सोडतात. दोर ओला राहिला की त्याला धरून बारके मासे वर जातात. आपण काथ्याच्या दोरांच्या मुलखात राहतो. माझ्या बंधाऱ्याच्या उजव्या कोपऱ्यात मी गेल्या वर्षी असाच काथ्याचा जाड दोर माथ्यावरून खाली सोडला. तो पावसाळाभर टिकला आणि त्यावर अहिराची पिल्लं पाहिली. खर्च किती आला ते सांगायलाही लाज वाटते.

आणि नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात जे करतात ते ऐकून माझी बायको बराच वेळ हसत होती. तिथं वसंतात कालव्याचा दरवाजा बोटींसाठी फारसा उघडत नाही, म्हणून मासे बाहेर थबकतात. २०२१ पासून त्यांनी पाण्याखाली कॅमेरा लावलाय. लोक घरबसल्या बघतात आणि मासा दिसला की मोबाइलवर बेल दाबतात. बेल वाजल्या की दरवाजावाला मासे आत घेतो. बायको म्हणाली, “आपल्याकडे अशी बेल लावली तर मासा दिसल्यावर दाबायच्या आधी लोक टोपली घेऊन धावतील.”

तिचं बरोबर आहे, आणि त्यावरही बोललं पाहिजे. वाट केली आणि वाटेच्या तोंडाशी पागेर टाकली तर आपण माशांसाठी नव्हे, आपल्यासाठीच गळ तयार केला. चढणीचे मासे खाणं बंद करा असं सांगायला मी निघालेलो नाही. ते आमचं पहिलं पावसाळी जेवण आहे, आणि आदिवासी-कातकरी वाड्यांवर त्या दिवसांत ताटात दुसरं काही नसतं. मागणी इतकीच की बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पन्नास पावलं आणि पहिल्या चार रात्री सोडून द्या. वर मळ्यात, पाटात, नंतर कितीही धरा. हा नियम वरून आलेल्या परिपत्रकानं पाळला जाणार नाही, ग्रामसभेनं केला तर पाळला जाईल. आमच्या वाडीतली एक आजी, वय ऐंशीच्या पुढे, सभेत म्हणाली, “मासं चढायचं बंद झालं, तर पाऊस लागला ह्ये कळायचं कसं?” त्यावर ठराव झाला. इंजिनीअरच्या भाषणावर झाला नव्हता.

लोकांनी ठरवलं की मासे टिकतात याची उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत. महाडजवळचा वाळण कोंड, वाड्याजवळ वैतरणेवरचं तिळसे. दोन्हीकडे देवाचे म्हणून महाशीर राखलेत, कुणी हात लावत नाही. पण महाशीर अंडी घालतो ती वाहत्या पाण्यात, वाळू-गोट्यांच्या तळावर, पावसाळ्यात वर चढून. डोह राखला आणि वरची वाट अडवली, तर देवाचे मासे देवळातच म्हातारे होतील. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरच्या केंद्रात कित्येक दशकं महाशीरची पिल्लं तयार करून जलाशयांत आणि नद्यांत सोडतात, ते काम मोठं आहे. तरी माणसानं दर वर्षी टाकीतून पिल्लं सोडत राहायची की एकदा वाट मोकळी करून माशालाच ते काम करू द्यायचं, हे विचारायला हवं. तलावात रोहू-कटल्याचं मत्स्यबीज सोडतानाचे फोटो दर वर्षी येतात. त्यातला एकही मासा आमच्या पऱ्यातला नसतो.

आता प्रत्यक्ष काय हवं? माझ्या हातातून गेलेल्या एकाही एस्टिमेटमध्ये माशांच्या वाटेचा आयटम नव्हता. आयटम नाही म्हणजे दर नाही, दर नाही म्हणजे मोजमाप नाही, आणि मोजमाप नाही ते काम जगात नाही. म्हणून पहिली गोष्ट : दरसूचीत तो आयटम घाला. फळीचा गाळा, गोट्यांचा उतार, एप्रनपुढचा खड्डा. तीन ओळी लागतील. नकाशाच्या नमुन्यातही तो काढून द्या, कारण खालचे लोक नमुना बघूनच बांधतात, मीही तेच केलं. दुसरी : बंधाऱ्याच्या प्रस्तावावर मत्स्यव्यवसाय खात्याची एक सही असू द्या. मात्र ती सही नुसतीच असेल तर नको, सहीआधी एक पावसाळी रात्र तो अधिकारी ओढ्यावर दिसला पाहिजे. तिसरी : कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे तळापर्यंत काढल्याचा फोटो तारखेसह मागवा. चौथी गोष्ट कुणालाच आवडणार नाही. जे बंधारे गाळानं काठोकाठ भरलेत, ज्यांच्यात हिवाळ्यात घागरभर पाणी राहत नाही, त्यांना दुरुस्तीचा निधी देण्याऐवजी मध्ये तोडून टाका. तोडायचं टेंडर निघालं तर मी भरीन. बांधताना जेवढे पैसे घेतले त्याहून कमी दरात.

२०१८ मध्ये केंद्रानं वरच्या गंगेसाठी महिन्यानुसार किती टक्के पाणी नदीत सोडायचं याचे आकडे अधिसूचनेनं ठरवून दिले. गंगेला आकडा मिळाला. सहा किलोमीटरच्या पऱ्याला आकडा नको, फळी चालेल.

यंदाही मृगानंतर पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री मी बंधाऱ्यावर असणार आहे. आपल्यापैकी कुणीही यावं. आदल्या दिवशी ढग बघून मी फोन करीन. संगमेश्वर स्टेशनवरून गाडीची सोय आहे, चहा आणि कोरडे कपडे आमच्याकडे. येताना छत्री नको, रेनकोट आणा. छत्री धरली की टॉर्चला हात उरत नाही. आणि बूट घालून येऊ नका, माझं एप्रन फार गुळगुळीत झालंय.

आपला विश्वासू,
संगमेश्वर तालुक्यातला एक ठेकेदार

ता. क. : डाव्या विंगवॉलचा तो भोकाभोकांचा कोपरा ग्राउटिंग करून बुजवून द्यावा, असा शेरा अंतिम मोजमापाच्या वेळी मारला होता. तेव्हा माझ्या आळसानं ते राहून गेलं. आता आठवणीनं राहू दिलंय. त्यापोटी रक्कम कापून घ्यायची असल्यास माझी हरकत नाही.